त्रेचाळीस किलो

नर्मदा भिंतीला पाठ टेकवून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात बाजूला पसरले. मी एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत टेप धरली. एकशे एकोणपन्नास सेंटिमीटर. उंची एकशे बावन्न. म्हणजे हात उंचीपेक्षा तीन सेंटिमीटरनी आखूड.

"वाईट आहे का, ताई?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, यात वाईट-चांगलं काही नसतं, हे नुसतं माप आहे. पण शेजारी उभे असलेले विचारे सर हसले. चढणाऱ्या मुलीचे हात लांब हवेत, तुझे देवानं मध्येच थांबवले, असं काहीतरी म्हणाले. नर्मदाही हसली. हात मात्र तिनं लगेच खाली घेतले नाहीत. तसेच पसरलेले ठेवून एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

तो जानेवारी २०१२. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि क्रीडाविज्ञानात एमएस्सी करत होते. त्याआधी चार वर्षं मी स्वतः चढत होते, आधी सह्याद्रीतल्या कातळांवर, मग स्पर्धेच्या भिंतींवर. राज्य पातळीच्या पुढे माझी कधी मजल गेली नाही. पुढे उजव्या हाताच्या बोटाचा स्नायुबंध तुटला आणि ते संपलं. म्हणून प्रबंधाला विषय घेतला तो हाच : चढणाऱ्या मुलींच्या शरीराची ठेवण आणि त्यांची कामगिरी. कोणतं शरीर वर जातं आणि कोणतं मध्येच गळून पडतं, हे मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

विचारे सर पुण्याबाहेर मुलींचं प्रशिक्षण शिबिर चालवत. पंधरा मीटर उंच भिंत, खाली एक सिमेंटचा चौथरा, मागे पत्र्याच्या छपराचं वसतिगृह. अकरा मुली होत्या. सरांनी मला त्यांची मापं घ्यायची परवानगी दिली होती. उंची, वजन, हातांचा पसारा, पायांची लांबी, चिमट्यात धरून कातडीखालच्या चरबीची जाडी, पंजाची पकड. शेवटी एक चाचणी असायची. दाराच्या चौकटीवर एक अरुंद लाकडी पट्टी ठोकलेली होती, बोटांची पेरं जेमतेम मावतील एवढी. मुलींनी तिला धरून लोंबकळायचं आणि मी घड्याळ लावायचं.

बाकीच्या मुली तीस-पस्तीस सेकंदांत सुटल्या. नर्मदा एकसष्ट सेकंद लटकून राहिली. चेहऱ्यावर काही नाही. खाली उतरल्यावर तिनं हात झटकले आणि पुढच्या मुलीला जागा करून दिली.

ती जुन्नरच्या पश्चिमेची, घाटाच्या कड्यालगतच्या एका गावातली. नर्मदा सोमनाथ लांघी. आडनाव सांगताना ती पूर्ण नाव सांगे, शाळेत हजेरी दिल्यासारखं. आश्रमशाळेतल्या एका शिक्षकांनी तिला जिल्ह्याच्या स्पर्धेला नेलं होतं. तिथं तिनं दुसऱ्या कुणाचे तरी, एक माप मोठे बूट घालून पहिला नंबर काढला होता. सरांनी तिला तिथूनच उचललं. वडील पावसाळ्यात भात लावत आणि उन्हाळ्यात रानातला हिरडा गोळा करून विकत. आपली मुलगी नेमकं काय करते हे त्यांना नीट समजलेलं नव्हतं. पण सर तिला विमानानं परदेशात नेणार आहेत, एवढं त्यांनी गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

महिनाभरानं मी आकडे मांडले. जे दिसलं त्याचं मलाच नवल वाटलं. उंचीचा कामगिरीशी संबंध नव्हता. हातांच्या लांबीचा नव्हता. पायांचा नव्हता, खांद्यांचा नव्हता. लांब हातांच्या दोन मुली तर सगळ्यांत मागे होत्या. एकच गोष्ट ठळक दिसत होती : बोटांची ताकद स्वतःच्या वजनाच्या मानानं किती. ज्या मुलीची ती जास्त, ती मुलगी वर.

मी आनंदानं तो आलेख घेऊन सरांकडे गेले. आखूड हातांची नर्मदा सगळ्यांच्या वर आहे हे मला त्यांना दाखवायचं होतं. सरांनी आलेख बराच वेळ बघितला.

"म्हणजे बोटं वाढवायची, नाहीतर वजन उतरवायचं," ते म्हणाले. "बोटं वाढायला तीन वर्षं लागतात. फेब्रुवारीत निवड आहे. नर्मदाला किती उतरावं लागेल?"

निवड पुढच्या फेब्रुवारीत होती. परदेशातल्या स्पर्धेसाठी आमच्या विभागातून एकच मुलगी जाणार होती. मी सरांना सांगायला हवं होतं की अकरा मुलींच्या आकड्यांवरून असं काही ठरवता येत नाही. मी कॅल्क्युलेटर काढला. सत्तेचाळीसवरून त्रेचाळीस, मी म्हणाले. सरांनी तो आकडा एका कागदावर लिहायला लावला आणि तो कागद वसतिगृहाच्या भिंतीवर नर्मदाच्या खाटेशेजारी चिकटवला. अक्षर माझं होतं.

ती आज्ञाधारक मुलगी होती. सकाळी साडेपाचला उठून महामार्गाच्या कडेनं दहा किलोमीटर धावायची. भाकरी अर्धी केली, मग पाव केली. आई घरून नाचणीचे लाडू पाठवायची, ते ती खोलीतल्या मुलींना वाटून टाकायची. स्वतःच्या हातानं द्यायची आणि त्या खात असताना समोर बसून राहायची. एकदा मी विचारलं, भूक नाही का लागत? ती म्हणाली, लागते, पण आता सवय झाली, दुपारी तीननंतर कळत नाही.

डिसेंबरात मी दुसऱ्यांदा मापं घेतली. वजन त्रेचाळीसच्या आत गेलं होतं. बेचाळीस पॉइंट सहा. पट्टीवर ती एक मिनिट अठरा सेकंद राहिली. दंडाची कातडी चिमट्यात धरली तर दोन्ही बाजू जवळजवळ एकमेकींना लागल्या. सर खूश होते. ते बाहेर गेल्यावर मी दार लावून घेतलं, कारण प्रत्येकीचा जो माहितीचा अर्ज मी भरत असे, त्यातले शेवटचे काही प्रश्न मुलीला एकटीलाच विचारायचे असत.

"पाळी?"

"आखाडापासून नाही आली."

मी बोटांवर महिने मोजले. पाच होत होते. तिला मुळातच उशिरा, सोळाव्या वर्षी पाळी आली होती, हे जानेवारीच्या अर्जात होतं.

"आणखी कुठं दुखतंखुपतं?"

"धावताना जांघेत दुखतं. डावीकडं. थांबलं की राहतं." मग ती खुर्चीच्या कडेला सरकून बसली. "ताई, सरांना नका सांगू. ते घरी पाठवतील."

मी अर्जात दोन्ही गोष्टी लिहिल्या. उपासमार करणाऱ्या खेळाडू मुलीची पाळी थांबली तर तिच्या हाडांचं काय होतं, हे मला माहीत होतं. माझ्याच प्रबंधात त्यावर दोन पानं होती आणि ती मी त्याच उन्हाळ्यात लिहिली होती. मी तिला म्हटलं, खेळाडूंचं कधीकधी असं होतं. निवड झाली की आपण डॉक्टरांकडे जाऊ. जांघेसाठी बर्फ लाव, आणि पाय ताणायचे दोन व्यायाम मी तिला करून दाखवले. तिचा चेहरा मोकळा झाला. माझाही झाला असावा. मला शेवटची मापं फेब्रुवारीनंतर घ्यायची होती आणि अकरापैकी सर्वांत महत्त्वाची मुलगी तीच होती.

निवड आमच्याच शिबिराच्या भिंतीवर होती, रविवारी. अंतिम फेरीत सहा मुली उरल्या होत्या. भिंतीवरची चढायची वाट अवघड बांधली होती. अगदी वर, टोकाच्या अलीकडे, एका होल्डपासून, म्हणजे भिंतीवर बसवलेल्या खुंटीपासून, पुढचा होल्ड इतका लांब होता की उंच मुलींनाही तिथं झेप घ्यावी लागत होती. पाचही जणी तिथंच सुटल्या आणि दोराला लोंबत खाली आल्या.

नर्मदा शेवटची होती. ती त्या जागी पोहोचली. तिनं हात लांब करून बघितला. वीतभर कमी पडत होता. तिनं हात मागे घेतला, कमरेला बांधलेल्या चॉकपुडीच्या पिशवीत बुडवला, पुन्हा होल्ड धरला. मग उजवा पाय उचलला आणि थेट कमरेएवढ्या उंचीवर, आपल्या हाताशेजारी आणून ठेवला. त्या पायावर सगळं अंग तोलून ती हळूहळू उभी राहिली, जिन्याची उंच पायरी चढावी तशी. उभी राहिल्यावर तो होल्ड तिच्या खांद्याशी होता. तिनं तो नुसता धरला.

मी आयुष्यात बऱ्याच जणींना चढताना बघितलं आहे. इतकं सुंदर काही बघितलेलं नाही.

दोरानं तिला खाली सोडलं. पाय चौथऱ्याला लागले, तिनं दोर सोडवला. आम्ही सगळे खाली उभे होतो. ती आमच्याकडे बघून हसली आणि चौथऱ्यावरून तिनं खाली उडी मारली. पाऊण मीटर उंची असेल. लहान मुलंसुद्धा दिवसभर तिथून उड्या मारत असत.

सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. ती एका कुशीवर पडली. ओरडली नाही. माझा हात धरून म्हणाली, "ताई, पाय गेला."

तिला शहरातल्या एका रुग्णालयात नेलं. तिचे वडील दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघून दहाच्या सुमाराला पोहोचले. हातात पिशवी, पिशवीत मुलीचे कपडे. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. सर खिडकीजवळ होते. मी उशाशी, खांद्याला माझी कापडी पिशवी. सर्व मुलींचे अर्ज त्या पिशवीत असत.

डॉक्टर पन्नाशीचे, शांत होते. त्यांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. डाव्या मांडीचं हाड जिथं खुब्यात बसतं, तिथं त्याची मान पूर्ण तुटली होती. एकोणीस वर्षांच्या मुलीचं हे हाड एवढ्याशा उडीनं मोडत नाही, ते म्हणाले. आधीपासून तडा असणार. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि तिला एकेक विचारायला लागले. काय खातेस, किती धावतेस, आधी दुखत होतं का. दुखत होतं म्हणाली. खाण्याचं विचारलं तेव्हा सरच म्हणाले, आमचा आहार ठरवून दिलेला असतो, डॉक्टर.

"पाळी नियमित येते?"

तिचे वडील खाली बघायला लागले. सरांनी मोबाइल काढला.

नर्मदानं माझ्याकडे बघितलं. चार-पाच सेकंद तरी ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते.

"येते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी काही बोलले नाही. दुपारी शस्त्रक्रिया झाली, खुब्यात तीन स्क्रू घातले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या ओपीडीत जाऊन बाकावर बसले. माझा नंबर चौदावा होता. बाराव्या पेशंटला आत बोलावलं तेव्हा सरांचा फोन आला. खेळाच्या राज्य संघटनेकडून चौकशी होण्याचा संभव आहे, असं ते म्हणाले. तुझे कागद तुझ्याजवळच ठेव, केतकी, उगीच कुणाचं नाव खराब व्हायला नको. तुझा प्रबंधही सादर व्हायचा आहे. आवाज चढवून बोलले नाहीत, काळजीनं बोलल्यासारखे बोलले. मी फोन ठेवला आणि उठून बाहेर आले.

मनाशी एक गोष्ट मी पक्की केली. सांगू नका म्हणून तिनं मला डिसेंबरातच विनवलं होतं. खाटेवरून तिनं माझ्याकडे बघितलं त्याचाही अर्थ तोच. तिची गोष्ट होती, ती सांगायची नाही हे तिनं ठरवलं होतं, आणि मी तिचा शब्द पाळला.

मे महिन्यात मी प्रबंध सादर केला. नर्मदाचे डिसेंबरचे आकडे वापरले. आलेखात तिचा ठिपका वरच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून दूर, एकटाच होता. परीक्षकांनी त्याच्यावर बोट ठेवून विचारलं, ही कोण? मी म्हणाले, ग्रामीण भागातली एक मुलगी आहे, फार गुणी. मला पहिला वर्ग मिळाला.

नर्मदा कुबड्या घेऊन गावी गेली होती. सरांनी तिला निघताना सांगितलं होतं, पुढच्या वर्षी तुझी जागा ठेवतो, वजन वाढू देऊ नकोस. तिनं वाढू दिलं नाही. पाळीचं कुणाला माहीतच नव्हतं, त्यामुळे कुणी औषध दिलं नाही, कुणी खा म्हणून सांगितलं नाही. आई सांगत असेल तेवढंच. सप्टेंबरात, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती चुलीपुढून उठत होती आणि उजवा खुबा मोडला. या वेळी उडीसुद्धा नव्हती.

तिला दुसऱ्या रुग्णालयात नेलं, तिथं डॉक्टर बाई होत्या. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून तिला विचारलं आणि तिनं सांगितलं. चौदा महिने. हाडांची तपासणी झाली. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीची हाडं पन्नाशी उलटलेल्या बाईसारखी निघाली. पहिल्या शस्त्रक्रियेच्या बाजूचा खुब्याचा गोळाही रक्त न पोहोचल्यानं वाळत चालला होता. हे मला शिबिरातल्या एका मुलीनं फोनवर सांगितलं. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या की फेब्रुवारीतच कळतं तर दुसरा पाय बहुतेक वाचला असता.

मी वर्षभर तिकडे गेले नाही. एका महाविद्यालयात शिकवायला लागले होते. मग २०१४च्या दिवाळीच्या सुट्टीत एकटीच गेले. जुन्नरहून एसटी, शेवटचे दोन किलोमीटर पायी.

घरात कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, आणि मधोमध एक निळी प्लास्टिकची खुर्ची. नर्मदा त्या खुर्चीवर बसली होती. तिला जमिनीवर बसता येत नव्हतं. त्या घरात बाकी सगळे खाली बसत होते आणि ती एकटी वर. अंग भरलं होतं, गाल आले होते. शेजारी काठी. मांडीवर सूप घेऊन ती हिरडा निवडत होती. मला बघून खरंच आनंदली. आईला हाक मारून म्हणाली, माझ्या ताई आल्या. मग शिबिरातल्या एकेकीची चौकशी केली. कोण काय करते, कुणाचं लग्न झालं, भिंतीवरचे होल्ड बदलले का.

आई चहाला दूध आणायला शेजारी गेली. मला जे बोलायचं होतं ते बोलायला तेवढाच वेळ होता. पण आधी तीच बोलली. सुपातली बोटं थांबली नव्हती.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं होतं."

"हो," मी म्हणाले. "मला कळलं होतं, तू सांगू नका म्हणत होतीस."

तिनं मान वर केली. "नाही ओ, ताई. बाबा समोर उभे होते. त्यांच्यापुढं माझ्या तोंडातनं शब्द निघंना. म्हणलं, तुमच्याकडं कागद आहे, तुम्ही सांगाल."



"तुम्ही काहीच बोलला नाहीत," ती म्हणाली. "मग मला वाटलं, सांगण्यासारखं नसंल. तुम्ही शिकलेल्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब चुकता करायला ती बोलत नव्हती. एक किडका हिरडा तिनं वेगळा काढून बाजूला टाकला आणि पुढचा हातात घेतला. मी माफी मागितली असेल, मला वाटतं मी काहीतरी बोलले. तेवढ्यात तिची आई दूध घेऊन आली. मग चहा झाला, जेवण झालं. नर्मदानं मला दुसऱ्यांदा भात वाढायला आईला सांगितलं.

निघताना ती दारापर्यंत आली. खुर्चीवरून उठायला तिला दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबावे लागले. मी तिचे पंजे बघितले. बोटं तशीच होती, जाड सांध्यांची, ताकदवान.

तिचे वडील मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत पीक बरं आहे म्हणाले, बिबट्याचा त्रास वाढलाय म्हणाले. थांब्यावर पोहोचल्यावर त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, सर म्हणले होते, जागा ठेवतो. ती आमच्याजवळ बोलत नाही, पण वाट बघती. सकाळी उठून बोटांचा व्यायाम करती, उंबऱ्याच्या वरल्या लाकडाला धरून. कधी बोलावतील सर?"

त्या जागेवर सरांनी दुसरी मुलगी घेऊन दीड वर्ष झालं होतं. आणि जागा असती तरी त्या दोन खुब्यांवर नर्मदा पुन्हा कधी चढणार नव्हती. हे मला माहीत होतं, डॉक्टर बाईंना माहीत होतं. बहुतेक नर्मदालाही माहीत होतं. फक्त या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"विचारते सरांना," मी म्हणाले.

त्यांनी हात जोडले. एसटी आली. मी चढले, खिडकीजवळची जागा मिळाली, आणि गाडी वळेपर्यंत ते टोपी हातात धरून तिथंच उभे होते.

मी सरांना काही विचारलं नाही. त्या गावी पुन्हा गेलेही नाही.